शून्य नोंदी की सुटलेली तार?

मीटर-ब्रिजच्या प्रयोगात गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर थांबला, की नवखा विद्यार्थी चटकन म्हणतो, "सापडला शून्यबिंदू!" पण मंडलातील एखादी तार सुटलेली असली, तरीही काटा शून्यावरच राहतो. म्हणून जाणता विद्यार्थी जॉकी आधी तारेच्या एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला टेकवून पाहतो. काटा दोन्ही बाजूंना हलला, तरच शून्यावर विश्वास ठेवायचा. संगणकाच्या आज्ञावलीतही असे दोन प्रकारचे शून्य आढळते.

हे समजण्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली गोष्ट वर्ग आणि वस्तू यांची. नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी १९६० च्या दशकात 'सिम्युला' ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातून ही कल्पना पुढे आली. येथे वर्ग म्हणजे शाळेतील खोली नव्हे, तर साचा. 'विद्यार्थी' हा एक साचा. त्यातून घडलेली प्रत्येक मुलाची नोंद ही एक वस्तू. दुसरी गोष्ट कोष्टकांची. आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती परस्परसंबंधित कोष्टकांत कशी ठेवावी याची उपपत्ती मांडली. आज शाळा, बँका, रुग्णालये यांची माहिती बहुतेक अशाच कोष्टकांत असते.

आता अडचण अशी, की आज्ञावली विचार करते वस्तूंच्या भाषेत आणि माहिती साठते कोष्टकांच्या भाषेत. मध्ये दुभाषा हवा. जावा या संगणकभाषेसाठी गॅव्हिन किंग यांनी २००१ साली 'हायबर्नेट' नावाचा दुभाषा सुरू केला. मायक्रोसॉफ्टच्या 'डॉट नेट' प्रणालीसाठी त्याचेच भावंड म्हणजे 'एनहायबर्नेट'. कोणता वर्ग कोणत्या कोष्टकाशी जोडायचा हे या दुभाषाला एकेक करून लिहून द्यावे लागे. काम अगदी कंटाळवाणे! म्हणून 'फ्लुएंट एनहायबर्नेट' या जोडसाधनाने स्वयंचलित जुळणीची सोय केली. वर्गाचे नाव ते कोष्टकाचे नाव, गुणधर्म ते स्तंभ, 'आयडी' नावाचा गुणधर्म ती नोंदीची ओळख, असे काही संकेत पाळले की बाकीचे ते आपण होऊन करते.

मात्र 'आपण होऊन' म्हणजे कुठवर, हे पाहिले पाहिजे. डॉट नेटमधील मोठी आज्ञावली अनेक तुकड्यांत बांधतात. अशा प्रत्येक बांधीव फायलीला 'असेंब्ली' म्हणतात. स्वयंचलित जुळणीला आपण सांगतो, "अमुक वर्ग ज्या असेंब्लीत आहे, ती तपास." ती तेवढीच तपासते. शेजारच्या असेंब्लीत डोकावत नाही.

समजा, एका शाळेच्या आज्ञावलीत 'विद्यार्थी' आणि 'शिक्षक' हे वर्ग पहिल्या असेंब्लीत आहेत. पुढे कोणी 'आरोग्यनोंद' हा वर्ग लिहून दुसऱ्या असेंब्लीत ठेवला. आज्ञावली विनातक्रार बांधली जाते, कारण बांधणाऱ्या कंपायलरला दोन्ही असेंब्ली दिलेल्या असतात. दुभाषाला मात्र एकच दाखवलेली असते. अशा वेळी नवी आरोग्यनोंद साठवायला गेलो तर 'नो परसिस्टर' असा दोष स्पष्ट दिसतो. 'विद्यार्थी' वर्गात 'आरोग्यनोंद'कडे बोट दाखवणारा गुणधर्म असेल, तर आज्ञावली सुरू होतानाच 'अनमॅप्ड क्लास' अशी तक्रार येते. अशी तक्रार आली तर आपले नशीब चांगले म्हणायचे!

घातक प्रकार तिसरा. नोंदी भरण्याचे काम दुसरीच एखादी आज्ञावली करते आणि आपली फक्त वाचते, असे धरा. सहलीच्या आदल्या दिवशी शिक्षक विचारतात, "पेनिसिलीन चालत नाही अशी मुले किती?" हा प्रश्न एनहायबर्नेटच्या 'क्रायटेरिया' पद्धतीने विचारला असेल, तर उत्तरादाखल रिकामी यादी येते. दोष नाही, इशारा नाही. कोष्टकात नोंदी आहेत. पण कोष्टक कोणी उघडलेलेच नाही.

असे का व्हावे? या पद्धतीत एखादा वर्ग मागितला, की दुभाषा तो वर्ग आणि त्याचे उपवर्ग यांपैकी आपल्या माहितीतले सर्व शोधतो व त्यांच्या नोंदी एकत्र करून देतो. ही सोय चांगली आहे. 'व्यक्ती' मागितल्यावर विद्यार्थी आणि शिक्षक दोन्ही मिळतात. पण माहितीतला वर्ग एकही नसेल, तर एकत्र करायला काहीच उरत नाही. त्याच्या हिशेबाने रिकामी यादी हे बरोबर उत्तर असते.

मग तपास कसा करावा? जॉकी दोन्ही टोकांना टेकवावी! जी नोंद कोष्टकात नक्की आहे, तीच मागून पाहावी. ती आली नाही तर तार सुटलेली आहे. मग दुभाषाला त्याच्या माहितीतील कोष्टकांचा आराखडा छापायला लावावा. 'स्कीमा एक्स्पोर्ट' या साधनाने, मूळ माहितीला हात न लावता, तो नुसता छापता येतो. त्यात 'आरोग्यनोंद' नसेल, तर दोष जुळणीत आहे. 'ॲड एंटिटी असेंब्ली' या आज्ञेने दुसरी असेंब्लीही त्याच जुळणीत घालावी.

काही जण यावर शक्कल लढवतात, की स्मृतीत असलेल्या साऱ्याच असेंब्ली तपासायला सांगाव्यात. त्यातही मेख आहे. डॉट नेट प्रणाली असेंब्ली स्मृतीत आणते ती गरज पडल्यावरच. तिच्यातील काहीही अजून वापरले नसेल, तर त्या क्षणी ती स्मृतीत नसतेच. त्यापेक्षा प्रत्येक असेंब्लीतील एकेका वर्गाचे नाव घेऊन ती हाताने जोडावी, हे मला अधिक भरवशाचे वाटते. उत्साहाच्या भरात तोच वर्ग दोनदा जोडला गेला, तर 'डुप्लिकेट' अशी तक्रार येते, पण ती निदान डोळ्यांना दिसते.

आज्ञावली सुरू होताच अपेक्षित वर्गांची यादी दुभाषाच्या यादीशी ताडून पाहणाऱ्या चार ओळीही लिहून ठेवाव्यात. एक जरी नाव कमी भरले, तरी आज्ञावली तिथेच थांबली पाहिजे.