सुट्टीचा दिवस आखा, पण आधी पाणी भरा

परीक्षा संपल्या की घर हीच मुलांची शाळा होते. काही कुटुंबे मुलांना शाळेत न घालता वर्षभर घरीच शिकवतात. आपल्या समाजासाठी शाळेचे दार फार कष्टाने उघडले आहे, ते आपण सोडणार नाही. पण उन्हाळ्यात आपल्यालाही मुलांचा सगळा दिवस आखावा लागतो: सकाळी काय, दुपारी काय, फिरायला कुठे. तो आखताना आम्ही पालकांना पहिला प्रश्न विचारतो, पाण्याची सोय काय केली?

हा प्रश्न आम्हाला साताऱ्याच्याच इतिहासाने शिकवला. 1901 सालची उन्हाळी सुट्टी. बालभीम तेव्हा साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये शिकत होते. आई भीमाबाई आधीच गेलेल्या. वडील सुभेदार रामजी खटाव भागात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुट्टीसाठी बोलावले. नवे कपडे, नव्या टोप्या घालून मुले आगगाडीने निघाली आणि संध्याकाळी मसूर स्टेशनवर उतरली. पत्र वडिलांना वेळेत कळले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची, या अटीवर. डब्यात भरपूर जेवण होते. वाटेतल्या पाण्यात गुरांचे शेणमूत मिसळलेले, नाक्यावर पाणी मागितले तर मिळाले नाही. जेवण जवळ असून मुले उपाशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगावला पोचली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

आपण ही हकीकत जातीच्या अन्यायाची म्हणून सांगतो, आणि ती तशीच आहे. आरोग्याच्या नजरेनेही ती वाचावी. तहानेने तोंड कोरडे पडले की लाळ सुटत नाही, कोरडा घास उतरत नाही. म्हणजे पाणी नाकारले की अन्नही नाकारले जाते. खेळणारे मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त उष्णता तयार करते आणि खेळाच्या नादात तहान लागल्याचे सांगत नाही. म्हणून मुलाने मागेपर्यंत थांबायचे नाही, आपणच पाजायचे.

दिवस असा आखता येईल

बाहेरचे सगळे सकाळी. अजिंक्यतारा चढायचा असेल तर उजाडताच निघा आणि दहाच्या आत घरी या. प्रत्येक मुलाच्या खांद्यावर स्वतःची पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी, अंगात सैल सुती कपडे. निघण्यापूर्वी एक पेला पाणी, मग दर वीस मिनिटांनी चार घोट.

अकरा ते चार घरात किंवा झाडाच्या सावलीत. पत्र्याचे घर तापते, तेव्हा विहार किंवा समाजमंदिर दुपारी मुलांसाठी उघडे ठेवा. तिथे नकाशावर सातारा, मसूर, गोरेगाव शोधा. मग मुलांकडूनच जीवनजल करून घ्या: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ. मोजमाप हे गणित आणि जुलाबात जीव वाचवणारे औषधही. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच. उपकेंद्रात ओआरएसची पाकिटे मिळतात, तीही घरात ठेवा. एरवी ताक, पन्हे, लिंबू सरबत पुरते. रस्त्यावरच्या गोळ्याचा बर्फ कोणत्या पाण्याचा, हे माहीत नसेल तर तो नकोच.

लघवीचा रंग पाहायला मुलांना शिकवा. फिकट असेल तर ठीक. गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

मुलींची बाटली भरलेलीच का परत येते?

सहलीत मुली मुद्दाम कमी पाणी पितात, कारण वाटेत संडासाची सोय नसते. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, डोकेदुखी होते. तिला 'पाणी का प्यायली नाहीस' असे रागावून उपयोग नाही. सहल ठरवतानाच स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारा आणि तिथे थांबा. मोठ्या मुलींसाठी पिशवीत पॅडही ठेवा.

जयंती आणि पौर्णिमा उन्हाळ्यातच

14 एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा दोन्ही ऐन उन्हात येतात. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानात उन्हात बसलेल्या लोकांपैकी 14 जण दगावले. म्हणून मिरवणूक संध्याकाळी काढा. मुलांना उन्हात ताटकळत भाषणे ऐकायला बसवू नका.

चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर मुलाला सावलीत झोपवा, घोट घोट पाणी द्या. अंग खूप तापले, मूल असंबद्ध बोलू लागले, झटका आला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. ताबडतोब 108 ला फोन करा. कपडे सैल करून सगळे अंग पाण्याने भिजवा, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत गार फडकी ठेवा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काही घालू नका. तापाची गोळी इथे चालत नाही. कांदा हुंगवत वेळ घालवू नका.

माण, खटाव, आटपाडी, जत भागात पाण्याची टंचाई असते. वीटभट्टीवर राबणाऱ्यांची मुले दिवसभर भट्टीशेजारीच असतात. त्यांची सुट्टी कुणी आखत नाही. म्हणून आमची मंडळांना विनंती आहे: वर्गणीतून एक पाणपोई घाला. माठ सावलीत ठेवा, रोज घासा, झाकण लावा, लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढा. आणि प्यायला येणाऱ्या मुलाला तू कोण, कुठला, हे विचारू नका.