इंजेक्शन शिकवणारा कॅमेरा

लस टोचताना सिस्टरांचा हात कधी नीट बघितलाय का? बहुतेक जण नेमकं त्याच वेळी तोंड फिरवतात! पण पुढच्या वेळी जरूर बघा. प्रत्येक लशीसाठी सुई सारखी धरत नाहीत.

बीसीजीची लस बाळाच्या डाव्या दंडावर देतात. ती कातडीच्या थरातच राहायला हवी, म्हणून सुई जवळजवळ आडवी, १० ते १५ अंशांत असते. गोवर-रुबेलाची लस कातडीखाली जाते, तिथे कोन साधारण ४५ अंश. पेंटाव्हॅलंट मांडीच्या स्नायूत जाते, तिथे सुई सरळ उभी, म्हणजे ९० अंश. कोन चुकला तर औषध भलत्याच थरात जातं. बीसीजी खोल गेली तर बाळाला तिथे गळू होऊ शकतं.

मग शिकणाऱ्यांनी सराव कशावर करायचा? संत्र्यावर, स्पंजवर, रबरी दंडावर. पण संत्रं काही "कोन चुकला" असं सांगत नाही! आणि एकटे सर एका वेळी किती हातांकडे बघणार? इथे कॅमेरा मदतीला येतो.

हे कसं चालतं ते पाहू. हातांच्या हजारो फोटोंवरून संगणकाला हात ओळखायला शिकवलेलं असतं. गुगलचं मीडियापाइप हे साधन साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात हातावरचे २१ बिंदू शोधतं. मनगटाचा १ आणि पाच बोटांचे प्रत्येकी ४, झाले २१. दोन बिंदू जोडले की रेषा, दोन रेषा मिळाल्या की कोन. म्हणजे आपलीच भूमिती! सुई मात्र या २१ बिंदूंत नसते. त्यासाठी सिरिंजवर रंगीत पट्टी लावून तिची रेषा वेगळी शोधता येते.

कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेत असेल, तर बिंदू कसे सरकले तेही कळतं. ते थरथरले तर हात कापतोय. अंगठा झपकन खाली गेला तर दट्ट्या फार जोरात दाबला.

पण कॅमेऱ्याला सगळं दिसत नाही. बोटामागे अंगठा लपला की तो नुसता अंदाज करतो. समोरून बघितलं तर कोन फसवा दिसतो, म्हणून कॅमेरा बाजूला ठेवावा लागतो. सुई शिरताना हाताला जाणवणारा दाब त्याला कळत नाही. आणि रडणारं बाळ आईच्या मांडीवर कसं धरायचं, ते अनुभवी सिस्टरच शिकवणार.

वर्गात करून बघा: पेन्सिल टेबलाला टेकवून अंदाजाने ९०, ४५ आणि १५ अंशांत धरा. मित्राने बाजूने कोनमापक लावून मोजावं. किती अंश चुकलं ते वहीत लिहा आणि पाच वेळा करा. चूक कमी होत गेली का? कोणता कोन सगळ्यात अवघड गेला? बहुधा १५ अंशांचा जाईल. बाळाच्या बीसीजीला तोच लागतो.