एक कमांड, चाळीस मशीन

कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस संगणक आहेत, सगळ्यांवर उबुंटू आहे, आणि त्यातल्या कोणाकोणाची डिस्क भरत आली आहे ते बघायचं आहे. एकेका मशीनवर लॉगिन करून 'डीएफ' ही कमांड टाइप करत बसलं तर अर्धा दिवस सहज जाईल. अशा कामासाठी 'अ‍ॅन्सिबल' नावाचं साधन आहे. मायकल डेहान यांनी ते २०१२ मध्ये आणलं आणि २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीने ते विकत घेतलं. मूळ साधन आजही मुक्त आहे आणि फुकट मिळतं.

याची सगळ्यात सोयीची गोष्ट अशी की, त्या चाळीस मशीनवर अ‍ॅन्सिबल बसवावं लागत नाही. ते फक्त आपल्या मशीनवर लागतं. समोरच्या मशीनवर दोनच गोष्टी हव्यात: एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सोय, आणि पायथन. आपण कमांड दिली की अ‍ॅन्सिबल एक छोटा पायथन प्रोग्रॅम एसएसएचवरून तिकडे पाठवतं, चालवतं, उत्तर घेऊन येतं आणि तो प्रोग्रॅम तिथून पुसून टाकतं.

सुरुवात आपल्या मशीनपासून करू. लिनक्स किंवा मॅक असेल तर अ‍ॅन्सिबल सरळ बसतं. विंडोजवरून थेट चालत नाही. तिथे डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय, सुरू करून त्यात बसवावं.

मग एसएसएचची किल्ली. 'एसएसएच-कीजेन' ही कमांड किल्ल्यांची जोडी तयार करते. त्यातली खाजगी किल्ली आपल्याकडेच राहते. सार्वजनिक किल्ली 'एसएसएच-कॉपी-आयडी' वापरून प्रत्येक मशीनवर एकदा ठेवायची. पुढे पासवर्ड विचारला जात नाही. पहिल्यांदा जोडताना 'हे मशीन ओळखीचं नाही, पुढे जाऊ का?' असा प्रश्न येतो. किल्ली ठेवतानाच त्याचं उत्तर देऊन टाकावं, नाहीतर अ‍ॅन्सिबल चालवताना तेच प्रश्न एकदम अंगावर येतात. ही तपासणी बंद करून टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो मानू नये. भलतंच मशीन आपल्या मशीनचं सोंग घेऊन उत्तर देत असेल, तर ते याच तपासणीमुळे कळतं.

आता यादी, म्हणजे इन्व्हेंटरी. ही साधी टेक्स्ट फाइल असते. चौकोनी कंसात गटाचं नाव, समजा 'लॅब', आणि त्याखाली एका ओळीत एक याप्रमाणे मशीनची नावं किंवा आयपी पत्ते.

यादी झाली की 'पिंग' मॉड्यूल चालवून बघावं. मॉड्यूल म्हणजे एक ठरावीक काम करणारा तयार तुकडा. नेटवर्कवाला पिंग वेगळा, हा वेगळा. लॉगिन होतं का आणि पायथन चालतं का, हे हा तपासतो आणि सगळं ठीक असेल तर 'पाँग' म्हणतो. इथे लाल अक्षरांत दोन वेगळे शब्द दिसू शकतात. 'अनरीचेबल' म्हणजे अ‍ॅन्सिबल त्या मशीनपर्यंत पोचलंच नाही: किल्ली, नाव, पत्ता किंवा नेटवर्क तपासा. 'फेल्ड' म्हणजे पोचलं, पण काम झालं नाही. हा फरक लक्षात घेतला नाही, तर माणूस नेटवर्कच्या तारा हलवत बसतो आणि बिघाड पायथनमध्ये असतो.

आता खरी कमांड. आधी 'अ‍ॅन्सिबल', मग गटाचं नाव, मग हायफन आय आणि यादीची फाइल, मग हायफन एम आणि मॉड्यूलचं नाव, शेवटी हायफन ए आणि अवतरणचिन्हांत आपली कमांड. हायफन एम गाळलं तर अ‍ॅन्सिबल 'कमांड' नावाचं मॉड्यूल धरून चालतं. 'डीएफ हायफन एच' याला तेवढं पुरतं.

घोळ याच्या पुढे सुरू होतो. आपण लिहिलेली ओळ तिकडे नेमकं कोण वाचतं, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारायला हवा. 'कमांड' मॉड्यूल शेलला, म्हणजे आपण टाइप केलेलं वाचून अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅमला, मध्ये घेतच नाही. पाइपची, म्हणजे एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देणारी, उभी रेघ, फाइलमध्ये लिहिणारं 'पेक्षा मोठं' हे चिन्ह, सगळ्या फाइल्ससाठीचा तारा, यांना अर्थ देतं ते शेल. तेच नसेल तर ही नुसती अक्षरं उरतात. 'कमांड' मॉड्यूलला 'इको नमस्कार', पुढे ते मोठेपणाचं चिन्ह आणि एका फाइलचं नाव असं देऊन बघा. पडद्यावर नमस्कार, चिन्ह आणि फाइलचं नाव जसंच्या तसं छापून येतं, काम यशस्वी झाल्याचं सांगितलं जातं, आणि तिकडे फाइल तयारच झालेली नसते. ही चिन्हं लागत असतील तर हायफन एमपुढे 'शेल' लिहायचं. लागत नसतील तर 'कमांड'च बरं, कारण त्यात चुकून भलता अर्थ लागण्याची शक्यता कमी.

या ओळीचा आणखी एक वाचक आहे: आपल्याच मशीनवरचं शेल. डॉलर आणि कंसात 'होस्टनेम' लिहून ते 'इको'ला दिलं आणि बाहेर दुहेरी अवतरणचिन्ह वापरलं, तर चाळीसही मशीन एकच नाव सांगतात, आणि ते असतं आपल्या मशीनचं! ओळ निघण्याआधीच इथल्या शेलने कंसाचं उत्तर काढून ठेवलेलं असतं. एकेरी अवतरणचिन्ह आणि 'शेल' मॉड्यूल वापरलं की ओळ जशीच्या तशी तिकडे जाते आणि प्रत्येक मशीन स्वतःचं नाव सांगतं.

निकाल वाचतानाही सावध राहायला हवं. 'कमांड' आणि 'शेल' ही मॉड्यूल्स पिवळ्या रंगात 'चेंज्ड' म्हणतात, अगदी नुसती तारीख विचारली तरी. काही बदललं की नाही हे त्यांना ठाऊकच नसतं. खरी खूण 'आरसी', म्हणजे कमांडने परत दिलेला आकडा. शून्य असेल तर ठीक. पण 'ग्रेप'ला शोधलेला शब्द सापडला नाही तर ते १ देतं आणि ते मशीन लाल दिसतं, जरी काहीच बिघडलेलं नसलं तरी.

उलटा प्रकार जास्त घातक. पाइपमध्ये शेवटच्या कमांडचाच आकडा धरला जातो. डेटाबेसची प्रत काढून ती 'जीझिप'ने दाबायची असेल आणि प्रत काढणंच फसलं, तरी जीझिप रिकामी फाइल निमूटपणे दाबून शून्य देतं. बॅकअप झाला असं आपण समजतो. यावर उपाय म्हणून ओळीच्या सुरुवातीला 'सेट हायफन ओ पाइपफेल' लिहावं आणि 'एक्झिक्यूटेबल' या पर्यायाने बॅश हे शेल मागून घ्यावं, कारण उबुंटूवर एरवी डॅश नावाचं साधं शेल वापरलं जातं.

सॉफ्टवेअर बसवण्यासारख्या कामाला प्रशासकाचे अधिकार लागतात. त्यासाठी हायफन बी, आणि सुडोचा, म्हणजे हे अधिकार देणाऱ्या कमांडचा, पासवर्ड विचारून घ्यायचा असेल तर हायफन मोठा के. मात्र तिकडे उत्तर द्यायला कोणी बसलेलं नाही, म्हणून 'हो की नाही?' विचारणाऱ्या कमांडला 'हायफन वाय'सारखं उत्तर आधीच देऊन ठेवावं.

अ‍ॅन्सिबल एका वेळी ५ मशीन हाती घेतं. हायफन एफने हा आकडा वाढवता येतो. काही पुसणारी किंवा बदलणारी कमांड असेल तर आधी 'लिस्ट-होस्ट्स' हा पर्याय लावून ती कोणत्या मशीनवर जाणार ते बघावं, मग 'लिमिट' लावून एकाच मशीनवर चालवावी, तिथे जाऊन परिणाम डोळ्यांनी बघावा आणि मगच बाकीच्यांवर सोडावी. अ‍ॅन्सिबल 'नक्की ना?' असं विचारत नाही, आणि पुसलेलं परत आणत नाही.

तीच कमांड दर आठवड्याला लागत असेल तर ती प्लेबुकमध्ये, म्हणजे कामांची क्रमवार यादी असलेल्या फाइलमध्ये, लिहून ठेवावी. तिथे शक्यतो शेलऐवजी त्या-त्या कामाचं मॉड्यूल घ्यावं: पॅकेज बसवायला 'एपीटी', फाइल पाठवायला 'कॉपी'. ही मॉड्यूल्स आधी परिस्थिती बघतात आणि गरज असेल तरच हात लावतात. मग पिवळा रंग दिसला तर तिथे खरोखरच काहीतरी बदललेलं असतं.