घराच्या भिंतीआड (भाग १२) : गिझरच्या धुराची वाट

मागच्या भागात गच्चीवरच्या टाकीतून नळापर्यंत पाणी कसं उतरतं ते पाहिलं. आता ते तापवू. पुण्यात थंडी पडली की जुना गॅस गिझर बदलायची आठवण होते आणि दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो : सहा लिटरचा घेऊ की आठ? माझ्या मते हा तिसरा प्रश्न. पहिला, जळायला हवा कुठून येणार? दुसरा, जळून झालेली हवा कुठे जाणार?

वाड्यातल्या तांब्याच्या बंबात ही दोन्ही उत्तरं घडवलेलीच असत. तळाशी जाळी, मधोमध उभी नळी, नळीभोवती पाणी. खालून हवा शिरे, वरून धूर निघे. शिवाय बंब बहुधा पडवीत नाहीतर परसात पेटे. न्हाणीत येई ते बादलीतलं पाणी. धूर डोळ्यांना झोंबायचा, त्यामुळे त्याच्या वाटेचा विसर पडणं शक्यच नव्हतं. गॅसचा धूर दिसत नाही, तिथे घोटाळा झाला. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉघन यांनी १८६८ मध्ये काढलेल्या गॅस गिझरलाही धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. दीडशे वर्षांनंतर आपल्या बाथरूममधल्या कित्येक गिझरांना ती अजून नाही.

थोडा हिशेब करू. ‘सहा लिटर’ म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं. वाया जाणारी उष्णता धरून त्याला १२ किलोवॉटच्या आसपास ताकद लागते. विजेचा साठवणीचा गिझर साधारण दोन किलोवॉटचा असतो. १२ किलोवॉटसाठी तासाला जवळपास ९०० ग्रॅम एलपीजी जळतो आणि तो पुरता जळायला १२ घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांचं, नऊ फूट उंचीचं बाथरूम घ्या : त्यात हवा आहे नऊ घनमीटर. दार-खिडकी अगदी घट्ट बंद धरली तर दहा मिनिटांत प्राणवायू २१ टक्क्यांवरून १६च्या घरात येतो. फटींमधून थोडी हवा येते म्हणून पहिल्याची अंघोळ निभावते. पण सकाळी घाईत एकामागून एक चौघं अंघोळीला जातात आणि थंडीमुळे खिडकीच्या काचपट्ट्याही कुणी उघडत नाही. चौथ्याच्या वाट्याला उरलेली हवा येते.

हवा अपुरी पडली की ज्योत पिवळी होते, वर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेला उग्र वास जळताना संपून जातो. या वायूला रंग नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पायातलं बळ जातं आणि आतून लावलेली कडी उघडायचं राहून जातं. भारतीय डॉक्टरांनी ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने असे रुग्ण नोंदवले आहेत. बाथरूममध्ये कुणी बेशुद्ध पडलं, झटके आले, तर डॉक्टरांना आधी गिझरबद्दल सांगा. नाहीतर फिट्सची औषधं सुरू व्हायची आणि गिझर भिंतीवर तसाच राहायचा.

‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे’, असं यावर हमखास ऐकू येतं. इथे चिमणी चालते कशी ते समजून घ्यायला हवं. नळीतली तापलेली हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी, म्हणून ती वर चढते. बाकी तिला ढकलणारं कुणी नसतं. दीड मीटर उंच नळीत १५० अंशांचा धूर असेल, तर ही ओढ भरते पाच पास्कल, म्हणजे अर्धा मिलिमीटर पाण्याचा दाब. बंद खोलीत हवा आत यायला जागा नसताना फॅन लावला, तर तो ही ओढ सहज मोडतो आणि नळीतला धूर उलटा खोलीत खेचतो. सुरक्षिततेसाठी बसवलेला पंखाच उलटतो. म्हणून दाराला खाली जाळी किंवा चांगली फट हवी.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना याच ओढीचा दुसरा पैलू भेटतो. तिथल्या जुन्या घरांत तळघरातली घर तापवणारी भट्टी आणि पाणी तापवणारी टाकी एकाच विटांच्या चिमणीत धूर सोडत. भट्टी बदलून नवी, भिंतीतून प्लास्टिकच्या नळीने धूर सोडणारी आली की प्रशस्त चिमणीत एकटी टाकी उरते. तिचा थोडासा धूर वाटेतच गार होतो, आतल्या वाफेचं पाणी होऊन चुना पोखरतं आणि ओढ मंदावते. मग चिमणीत बेताच्या व्यासाचं धातूचं अस्तर सोडावं लागतं.

आपल्याकडे विटांच्या चिमणीची जागा घेतली आहे डक्टने. पुण्यातल्या बहुतेक इमारतींत बाथरूमच्या खिडक्या या अरुंद उभ्या पोकळीत उघडतात आणि कबुतरांना वैतागून सोसायटीने तिच्या तोंडावर पत्रा टाकलेला असतो. अशा डक्टमध्ये नळी सोडली तर तुमचा धूर वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत जायचा. माझं ऐकाल तर गिझर बाथरूममध्ये ठेवूच नका. (ब्रिटनमध्ये १९९८च्या नियमांनुसार बाथरूममध्ये फक्त सीलबंद गिझर चालतो, म्हणजे हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा.) स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी सगळ्यांत बरी. तिथून सहा मीटर सीपीव्हीसी नळी आणली तर गरम पाणी येण्याआधी लिटरभर गार पाणी सोडावं लागेल. ते बादलीत धरा. मात्र बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती बंद केली असेल, तर ती बाल्कनी राहिली नाही, खोली झाली.

नवा गिझर घेताना आणखी एक पाहा. सोसायटीत महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन आली असेल, तर जुना एलपीजीचा गिझर तिला तसाच जोडता येत नाही. घरात एलपीजीचा दाब असतो सुमारे ३० मिलिबार, पाइपच्या गॅसचा २१, आणि दोन्हींचे जेट वेगळ्या आकाराचे. पाइपच्या गॅसचं मोठं जेट एलपीजीवर चालवलं तर ज्योत भडकून पिवळी होते. पुढचं वर सांगितलंच आहे. प्राणवायू घटल्यावर बंद होणारा आणि ज्योत विझताच गॅस तोडणारा सेन्सर असलेलाच गिझर मागा. सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर किमान दाबही विचारा, कारण टाकीची दहा मीटर उंची म्हणजे एक बार, दोन मीटर म्हणजे जेमतेम ०.२. लिटरचा प्रश्न आता विचारायला हरकत नाही. एका शॉवरला सहा पुरतात.

नळी गिझरच्या तोंडापेक्षा बारीक नको. आधी सरळ वर दोन फूट, मग वळण, पुढे चढ, आणि टोक उघड्या हवेत, खिडक्यांपासून दूर. प्लंबरकडे उरलेला पीव्हीसीचा तुकडा त्या उष्णतेत मऊ पडतो. स्टेनलेस स्टीलची नळीच घ्या. बसवून झालं की दारं-खिडक्या लावा, घरातले सगळे पंखे आणि स्वयंपाकघरातली चिमणीही सुरू करा, गिझर पाच मिनिटं चालवा आणि धुराच्या तोंडाशी पेटलेली उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर आत ओढला जायला हवा. तुमच्याकडे आला तर गिझर बंद करा, खिडक्या उघडा आणि फिटरला परत बोलवा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो. गॅसगळतीचा अलार्म या वायूला वाजत नाही. पुढच्या भागात तांब्याच्या गुंडाळीत साचणारे क्षार, टँकरचं पाणी आणि गिझरची वार्षिक सफाई.