मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी

प्लेसमेंटचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी मुलंमुली लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाभोवती जमतात. बायोडेटा तयार असतो, उत्तरं पाठ असतात. मी आधी एकच विचारतो : उद्याची लिंक ज्या ब्राउझरमध्ये उघडणार, त्यात कॅमेरा आणि माइक चालू करून पाहिलास का? बहुतेकांनी पाहिलेला नसतो.

परवा शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. ‘‘सर, सरावाच्या मुलाखतीत मी दिसत होते, पण आवाज कुणालाच जात नव्हता.’’ क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडे छोटी खूण असते. २०२३ पर्यंत तिथे कुलूप दिसायचं, आता दोन आडव्या पट्ट्या दिसतात. तिच्यावर क्लिक केलं, तर कॅमेऱ्याला परवानगी होती आणि माइक बंद. कधीतरी घाईत ‘ब्लॉक’ दाबलं गेलं असणार. एकदा ‘ब्लॉक’ म्हटलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि त्या साइटसाठी पुन्हा विचारत नाही. समोरचा माणूस ‘अनम्यूट करा’ म्हणत राहतो आणि मूल अनम्यूटचं बटण दाबत राहतं.

परवानगी दिली, पान रिफ्रेश केलं, तरी आवाजाची पट्टी हलेना. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त माइकचं पान उघडलं. डेस्कटॉप ॲप्सना माइक वापरू देण्याचं बटण तिथे खाली असतं. ते बंद होतं. चालू केल्यावर तिच्या ‘हॅलो’बरोबर पट्टी हलली, पण आवाज दबलेला आणि खरखरता. गळ्यातला ब्लूटूथ नेकबँड चालूच होता आणि ब्राउझरने त्याचाच माइक धरला होता. यादीतून लॅपटॉपचा माइक निवडला, तेव्हा कुठे ती नीट ऐकू आली.

साइट, ब्राउझर, विंडोज आणि शेवटी प्रत्यक्ष यंत्र, अशी ही परवानग्यांची उतरंड आहे. ती कटकटीची वाटते, पण मला ती हवीच वाटते. कुठल्याही साइटला न विचारता आपल्या घरातला माइक उघडता आला, तर काय होईल? म्हणूनच क्रोमने २०१५च्या अखेरीस एचटीटीपीएस नसलेल्या साइटना कॅमेरा-माइक देणं बंद केलं. आणखी एक : दुसऱ्या एखाद्या ॲपने कॅमेरा धरून ठेवला असेल, तर विंडोजवर ब्राउझरला अनेकदा तो मिळत नाही. आधीच्या मीटिंगचं ॲप मागे उघडं राहिलेलं असतं. ते पूर्ण बंद करावं.

स्क्रीन शेअरची तऱ्हा वेगळी. ही परवानगी ब्राउझर साठवून ठेवत नाही, दर वेळी नव्याने विचारतो : टॅब, विंडो की पूर्ण स्क्रीन? मागितलं असेल तेवढंच दाखवावं. पूर्ण स्क्रीन दाखवली की व्हॉट्सॲपवर आलेला मामाचा निरोपही परीक्षकाला दिसतो. पण काही कोडिंग चाचण्या पूर्ण स्क्रीनच मागतात. तेव्हा सूचना आधी बंद कराव्यात. मॅकवाल्यांनी स्क्रीन शेअरची तयारी आदल्या दिवशीच उरकावी. २०१९च्या मॅकओएस कॅटालिनापासून ब्राउझरला ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगी लागते, आणि ती दिल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा लागतो. ऐन मुलाखतीत हे करायचं म्हणजे मुलाखतीतून बाहेर पडायचं.

मला खरी काळजी असते ती फक्त मोबाइल असलेल्या मुलांची. अँड्रॉइडवर क्रोममधून कॅमेरा चालतो, माइक चालतो, पण स्क्रीन शेअर होत नाही. त्यासाठी मीटिंगचं वेगळं ॲप लागतं. हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं, आणि ‘शेअर युवर स्क्रीन’ ऐकल्यावर तो गप्प होतो. अशांना मी कॉलेजच्या लॅबमधलं एक मशीन आधीच ठरवून देतो आणि त्याच मशीनवर, त्याच ब्राउझरमध्ये सगळं तपासायला लावतो.

मुलाखत घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. कोणता ब्राउझर लागेल, स्क्रीन दाखवावी लागणार का, मोबाइल चालेल का, एवढं लिंकसोबतच कळवा. सुरुवातीची पाच मिनिटं आवाज आणि चित्र जुळवायला राखून ठेवा, आणि त्या पाच मिनिटांतल्या गडबडीचे गुण उमेदवाराच्या खात्यातून कापू नका.