पुढच्या चाकांवरचा भार : सोलापूरच्या रस्त्यांवरील टायर-निवडीची चार दशके

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिच्या किमतीची आणि आटोपशीर आकाराची चर्चा देशभर झाली. मात्र इंजिनाची सारी ताकद पुढच्या दोन चाकांकडे नेणारी तिची रचना त्या मानाने दुर्लक्षितच राहिली. तोवर सोलापुरात दिसणाऱ्या ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही मोटारींत इंजिन पुढे असे आणि त्याची गती प्रॉपेलर शाफ्ट या लांब दांड्यावाटे मागच्या चाकांना मिळे, म्हणजे गाडी मागून ढकलली जाई आणि पुढच्या चाकांकडे मुख्यतः दिशा देण्याचे काम उरे. युरोपात सित्रोएनच्या ‘ट्रॅक्शन आव्हां’ने १९३४ मध्ये आणि आडव्या इंजिनाच्या मिनीने १९५९ मध्ये ही पद्धत बदलून दाखवली होती. भारतात मोठ्या संख्येने तो बदल घडवला तो मारुतीने, आणि त्याबरोबरच टायर निवडण्याचे जुने निकषही बदलायला हवे होते. ते किती बदलले, याचा हा मागोवा आहे.

या रचनेचे गुणदोष ध्यानात घेतल्याखेरीज पुढची वाटचाल समजत नाही. इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही पुढे असल्याने अशा मोटारीचे सुमारे साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर पडते, त्यामुळे निसरड्या रस्त्यावर सावकाश निघताना तिची पकड चांगली राहते. पण वेग घेऊ लागताच भार मागे सरकतो आणि ओढण्याचे काम करणारी चाके नेमकी त्याच वेळी हलकी होतात. चढावरही हेच घडते, म्हणून माणसे आणि सामान भरलेली गाडी पावसात तुळजापूरच्या घाटात थांबवून पुन्हा काढताना पुढचे एखादे चाक जागच्या जागी फिरते. शिवाय टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाला मर्यादा असते आणि तेवढ्याच घर्षणातून ओढणे, वळणे व थांबणे ही तिन्ही कामे भागवावी लागतात. वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर ओढण्यातच पकड खर्ची पडते, वळण्यासाठी ती उरत नाही आणि गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. या प्रवृत्तीला अंडरस्टिअर म्हणतात.

टायरच्या रचनेतला मोठा बदलही याच सुमारास भारतात रुजत होता. जुन्या क्रॉस-प्लाय टायरमध्ये आतल्या धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जात, त्यामुळे बाजूची भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग एकत्रच वाकत आणि वळणावर टायरचा काही भाग रस्त्यापासून सुटे. मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात, म्हणून भिंत लवचीक राहूनही नक्षीचा भाग रस्त्याला सपाट टेकून राहतो. भारतात जेके टायरने १९७७ मध्ये रेडियल टायर आणला. तो महाग असला तरी जास्त टिकतो, हे कळल्यावर मोटारींच्या बाजारातून क्रॉस-प्लाय हळूहळू हद्दपार झाला. रेडियलची भिंत खाली थोडी फुगलेली दिसत असल्याने हवा कमी आहे असे वाटून ती जादा भरण्याची चूक मात्र पुष्कळ काळ होत राहिली, आणि जादा हवेने टायर मधोमध फुगून रस्त्याला कमी टेकत असल्याने रेडियलचा मुख्य फायदाच कमी होत गेला.

सोलापूरच्या हवामानाने या निवडीला स्वतःचे वळण दिले. जिल्हा पर्जन्यछायेत आहे, एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि वर्षाचा बहुतेक काळ रस्ते कोरडे असतात. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर चालेल?’ हा असे आणि टिकाऊपणा हाच जवळजवळ एकमेव निकष ठरे. कोरड्या डांबरावर कडक रबराचा टायरही बरी पकड देतो, म्हणून हा निकष वर्षातले बहुतेक दिवस बरोबरही वाटतो. परीक्षा होते ती उरलेल्या दिवसांत. पहिल्या वळवात रस्त्यावर साचलेली धूळ, तेल आणि रबराचा चुरा पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. परतीच्या पावसात शेतातून रस्त्यावर येणाऱ्या वाहनांच्या चाकांना चिकटून आलेली काळी माती डांबरावर पसरते. आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या तीच माती मैलोगणती नेतात. चिकणमातीचे प्रमाण मोठे असलेली ही माती ओली झाली की टायरच्या खाचा बुजवून टाकते, आणि ज्या चाकांनी गाडी ओढायची व वळवायची तीच चाके त्या थरावर येतात.

१९९० च्या दशकात मोटारींची ताकद वाढू लागली. १९९३ ची मारुती झेन, १९९४ ची एस्टीम आणि १९९८ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातून आलेली टाटा इंडिका या सगळ्या पुढच्या चाकांच्याच गाड्या होत्या, आणि २०१३ मध्ये चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आली तेव्हा तिच्या १.२ लिटर टर्बो इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, १७५ न्यूटन-मीटर होता. मारुती ८०० मध्ये तो साठच्या आसपास होता. २०१० च्या दशकातच पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला आणि जिल्ह्यातल्या मोटारी पूर्वी क्वचितच गाठला जाणारा वेग तासन् तास राखू लागल्या. अशा वेगात नक्षीच्या खाचांना पाणी बाहेर फेकायला वेळ अपुरा पडतो आणि टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. या ॲक्वाप्लेनिंगमध्ये स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात.

याच काळात रुंद टायर आणि मोठ्या रिमची हौस वाढली, आणि परफॉर्मन्स टायर म्हणजे रुंद टायर असा समज पसरला. वस्तुतः पकड ठरवण्यात रुंदीपेक्षा रबराच्या मिश्रणाचा, ज्याला कंपाउंड म्हणतात त्याचा, वाटा मोठा असतो. १९९० च्या दशकात या मिश्रणात काजळीच्या जोडीला सिलिका वापरली जाऊ लागली आणि ओल्या रस्त्यावरची पकड वाढवूनही फिरण्यातला विरोध कमी ठेवणे शक्य झाले. कंपाउंड जितके मऊ तितके ते खडबडीत डांबराला घट्ट बिलगते आणि बहुधा तितकेच लवकर झिजते. युरोपीय वर्गवारीतला समर टायर साधारण सात अंशांखाली कडक होऊ लागतो. सोलापुरात हिवाळ्याची पहाटही सहसा इतकी थंड नसते, म्हणून हा वर्ग येथे बाराही महिने चालतो. रुंद टायर कोरड्या वळणावर उपयोगी पडला तरी साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो, आणि बाहेरचा व्यास मूळ टायरपेक्षा फार वेगळा झाला तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. पोलोच्या १८५/६० आर १५ मापाचा व्यास ६०३ मिलिमीटर भरतो, १९५/५५ आर १५ चा सुमारे ५९६. एवढा फरक चालण्याजोगा आहे, मात्र त्याहून मोठी उडी घेण्याआधी कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेली मापे पाहणे इष्ट.

निवडीची माहिती टायरच्या भिंतीवरच असते. १८५/६५ आर १५ ८८ एच या मजकुरात १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे भिंतीच्या उंचीचे रुंदीशी टक्क्यांतील प्रमाण, आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ म्हणजे प्रत्येक टायरला ५६० किलोग्रॅमपर्यंत भार, तर एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. भिंतीवरच्या उत्पादन-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात, म्हणजे ३५२३ हा २०२३ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर होय. अमेरिकी पद्धतीचा ट्रेडवेअर आकडा जितका मोठा तितका टायर टिकाऊ, आणि शेजारचे ट्रॅक्शनचे अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत थांबण्याची क्षमता दाखवते. ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी एआयएस-१४२ हा भारतीय निकष नव्या आराखड्यांच्या टायरना ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाला, म्हणजे मारुती ८०० आल्यावर जवळपास चाळीस वर्षांनी.

देखभालीतील दोन सवयी मात्र अजून टिकून आहेत. दोनच टायर नवे घेतले तर ‘गाडी पुढून ओढते’ म्हणून ते पुढे बसवले जातात. पण ओल्या रस्त्यावर मागची झिजलेली चाके आधी सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ते सावरणे सामान्य चालकाला कठीण जाते, म्हणून जास्त नक्षीचे टायर मागे असणेच सुरक्षित ठरते. पुढचे टायर लवकर झिजत असल्याने ठरावीक अंतराने पुढचे सरळ मागे आणि मागचे आडवे पुढे अशी अदलाबदल केली, तर चारही जवळपास एकाच वेळी बदलता येतात. दुसरी सवय उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवण्याची. कमी हवेचा टायर अधिक वाकतो, अधिक तापतो आणि फुटण्याचा धोका उलट वाढतो. हवा सकाळी टायर थंड असताना कंपनीने सांगितली तेवढीच भरावी.

२०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन इव्हीच्या विद्युत मोटरने पुढच्या चाकांसाठी २४५ न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तोही वेग वाढण्याची वाट न पाहता. म्हणजे मारुती ८०० च्या इंजिनाच्या सुमारे चौपट पीळ देणारी मोटर आज त्याच दोन चाकांना, त्याच काळ्या मातीने माखलेल्या रस्त्यावर फिरवते. अशा वेळी केवळ किलोमीटर मोजून टायर घेणे म्हणजे कोरड्या दिवसांसाठी बचत करणे आणि ओल्या दिवसांवर धोका ढकलणे होय. सोलापूरच्या चालकाने ओल्या रस्त्यावरची पकड पहिला निकष मानावी आणि टिकाऊपणा दुसरा. मऊ कंपाउंडचा टायर काही हजार किलोमीटर आधी बदलावा लागला तरी तो खर्च घाटात आणि महामार्गावर गाडी ताब्यात ठेवण्याचा आहे, आणि तो सार्थच आहे.