गंधकावर जगणारे जीव

घाट उतरून पालीजवळच्या उन्हेरे येथील ऊन पाण्याच्या कुंडांवर आपल्या रिहे गावातील पुष्कळ मंडळी जाऊन आली असतील. अशा झऱ्यांपाशी कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. तुम्हांआम्हांस तो विष आहे. काही जंतूंची मात्र तीच भाकरी.

आपले शरीर अन्नातून इलेक्ट्रॉन काढते व श्वासातल्या ऑक्सिजनच्या हवाली करते. या देवघेवीत जी शक्ती सुटते, तिच्यावर आपले हातपाय चालतात. हे जंतू तेच करतात. फक्त इलेक्ट्रॉन गंधकाच्या संयुगातून घेतात. १८८७ साली विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने असे धाग्यासारखे जंतू तपासले. सल्फाइडचे पाणी मिळाले की त्यांच्या अंगात गंधकाचे कण साठत. ते बंद केले की कण नाहीसे होत आणि गंधकाम्ल तयार होई. कणगीतले धान्य पावसाळ्यात काढावे, तसेच हे. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ, अडीच हजार मीटर खोल काळोखात, नळीसारखे मोठे किडे सापडले. त्यांना तोंड नाही, आतडे नाही. अंगात बाळगलेले असलेच जंतू त्यांना पोसतात.

मी कारखान्यांच्या दारांशी सभा घेणारा माणूस. मला हे जंतू भेटले ते गटारात. भुयारी गटारात पाण्याखाली जो बुळबुळीत थर बसतो, त्यात हवा पोचत नाही. तेथले जंतू ऑक्सिजनऐवजी मैलापाण्यातल्या सल्फेटवर श्वास चालवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वर ओलसर छताला दुसरी पाळी कामावर असतेच! ती हा वायू खाऊन गंधकाम्ल करते. काँक्रीट भुसभुशीत होते ते त्यामुळे, हे पार्कर यांनी मेलबर्न येथे १९४५ साली दाखवले.

छत दुसरी पाळी खाते. माणूस मरतो तो पहिल्या पाळीच्या मालाने. आमच्या एका सभासदाचा भाऊ असाच गेला. वर उभा असलेला सोबती म्हणाला, "आधी वास आला, मग गेला." कंत्राटदार तेच धरून बसला, की वायू नव्हताच. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे वाचले, की हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे शंभर भाग झाला, की काही मिनिटांत नाकच बधिर होते. वास जातो, वायू राहतो.

संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. झाकण उघडून हुंगून पाहण्याची रीत अजून दिसते. त्याऐवजी वायुमापक दोरीला बांधून आधी खाली सोडावा लागतो.